गाडीचा रिकॉल आलाय का? बेळगाव सीमाभागातल्या गाडीवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात जुन्या गाडीचा व्यवहार राज्याची हद्द बघून होत नाही. कोल्हापूरची गाडी निपाणीत येते, गोव्याची खानापुरात येते, बेळगावची चंदगड-गडहिंग्लजकडे जाते. कंपनीकडे मात्र बहुतेक वेळा पहिल्या मालकाचाच फोन आणि पत्ता राहतो. गाडीत दोष निघाला तर निरोप त्याच्याकडे जातो आणि गाडी चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही. म्हणून आपल्या भागात पत्राची वाट पाहत बसू नये, आपणच तपासावं. त्यासाठी लोक जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

रिकॉल म्हणजे नेमकं काय?

एखाद्या ठरावीक काळात बनलेल्या गाड्यांत सुरक्षेला धोका असलेला दोष निघाला की कंपनी त्या गाड्या परत वर्कशॉपला बोलावते आणि तो भाग फुकट तपासून, दुरुस्त करून किंवा बदलून देते. याला रिकॉल म्हणतात. गाडी कायमची काढून घेत नाहीत, ही भीती आधी मनातून काढा. बहुतेक कामं काही तासांत होऊन गाडी घरी येते.

भारतात वाहन कंपन्यांच्या 'सियाम' या संघटनेने २०१२ साली स्वेच्छेने रिकॉल करण्याची पद्धत घालून दिली. पुढे २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम ११०-अ आलं. त्याने केंद्र सरकारला कंपनीवर रिकॉलची सक्ती करण्याचा अधिकार मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू आहेत. सक्तीने रिकॉल करावा लागला तर कंपनीला १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कंपनीने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर तो दंड नाही, त्यामुळे स्वतःहून जाहीर करण्यातच तिचं हित असतं.

माझ्या गाडीला रिकॉल आहे का, हे बघायचं कुठे?

सगळ्या कंपन्यांच्या गाड्या एका ठिकाणी तपासता येतील अशी खिडकी शोधण्यात वेळ घालवू नका. थेट तुमच्या गाडीच्या कंपनीच्या वेबसाइटवर जा. मारुती सुझुकीच्या साइटवर ग्राहकांसाठीच्या महत्त्वाच्या सूचनांचा विभाग आहे, तिथे चेसिस नंबर (कारखान्यात गाडीवर ठोकलेला तिचा ओळख क्रमांक) टाकला की गाडी यादीत आहे की नाही ते दिसतं. होंडा कारच्या साइटवरही १७ अक्षरी चेसिस नंबर टाकून तपासता येतं. इतर कंपन्यांच्या साइटवर सर्व्हिस किंवा मालकांसाठीच्या विभागात शोधा, किंवा कंपनीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन करून चेसिस नंबर सांगा.

सियामच्या साइटवर कोणत्या कंपनीने कोणतं मॉडेल कधी परत बोलावलं याची यादी असते. ती मॉडेलनुसार आहे, तुमच्या एकट्या गाडीचं उत्तर तिथे मिळत नाही. आधी तिथे नजर टाकून मग कंपनीकडे खात्री करावी.

इंटरनेटचा नाद नसेल तर आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर जा. 'या चेसिस नंबरवर कुठलं रिकॉलचं काम बाकी आहे का, सिस्टिममध्ये बघून सांगा', एवढं एक वाक्य पुरतं. नुसतं 'गाडीत काही प्रॉब्लेम आहे का' असं विचारलं तर तुम्हाला सर्व्हिसिंगची तारीख मिळेल, उत्तर मिळणार नाही.

चेसिस नंबर सापडतो कुठे?

आरसीवर असतोच. स्मार्ट कार्डावर बारीक छापलेला असतो, म्हणून उजेडात मोबाइलने फोटो काढून मोठा करून वाचा. डिजिलॉकर किंवा एमपरिवहन ॲपमध्ये तुमची आरसी असेल तर तिथूनही मिळेल. मात्र नुसता गाडीचा नंबर टाकून माहिती काढली तर चेसिस नंबराचे काही आकडे फुल्यांनी झाकलेले दिसू शकतात. तो अर्धा नंबर रिकॉल तपासायला चालत नाही.

तरी माझं सांगणं असं की, आयुष्यात एकदा तरी तो गाडीवर प्रत्यक्ष पाहून घ्या. मोटरसायकलला हँडलच्या खाली, जिथे पुढचा फोर्क फ्रेमला जोडतो त्या नळीवर बाजूने ठोकलेला असतो. हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं की दिसतो. आपल्याकडच्या तांबड्या मातीचा आणि ग्रीसचा थर तिथे बसलेला असतो. रॉकेलने किंवा थोड्या डिझेलने भिजवलेल्या फडक्याने पुसा, कोरडं करा आणि वरून खडू घासा. खोलगट अक्षरांत पांढरी पूड भरते आणि नंबर स्पष्ट उठून येतो. गाडी नावावर करताना एजंट पेन्सिलने कागदावर छाप घेतो तो हाच नंबर.

कारमध्ये तो बॉनेटखाली मागच्या पत्र्यावर किंवा पुढच्या सीटखाली गालिच्याची झडप उचलून बघावा लागतो. अनेक गाड्यांत पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात किंवा दाराच्या खांबावरच्या पट्टीवरही असतो.

नंबर १७ अक्षरी असतो. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच वापरत नाहीत. गोल दिसलं की ते शून्य आणि उभी रेघ दिसली की तो एक. वेबसाइट 'नंबर चुकीचा आहे' म्हणत असेल तर दहातल्या नऊ वेळा घोळ इथेच असतो. दुसरा घोळ म्हणजे आरसीवरचा इंजिन नंबर टाकणं. तो वेगळा. मारुतीच्या अनेक गाड्यांचा नंबर एमए३ ने सुरू होतो आणि पुढे १४ अक्षरं-आकडे असतात. आधी मोजा, मग टाका.

केए-२२, केए-२३ असा गाडीचा नंबर सांगून नाही का कळत?

कंपनी गाडी ओळखते ती कारखान्यात ठोकलेल्या नंबरावरून. पाटीवरचा नंबर नंतर आरटीओने दिलेला असतो आणि तो बदलूही शकतो. माझ्या माहितीतल्या एका गृहस्थांना एका वर्कशॉपमध्ये पाटीवरचा नंबर टाकून 'काही नाही' असं सांगण्यात आलं. त्यांनी मूळची महाराष्ट्रातली गाडी घेऊन केए पासिंग केलं होतं, त्यामुळे वर्कशॉपच्या नोंदीत तो नवा नंबर नव्हताच. चेसिस नंबर टाकल्यावर बाकी असलेलं काम लगेच दिसलं. म्हणून काउंटरवरच्या मुलाला आरसीच पुढे करा.

गाडी कोल्हापूरवाल्याकडून घेतली आहे. अजून एमएच-०९ पासिंगच आहे. मला रिकॉल लागू होतो का?

होतो. रिकॉल गाडीचा असतो, मालकाचा नाही. तुम्ही दुसरे मालक असा की चौथे, गाडी एमएच, केए की जीए पासिंगची असो, दुरुस्तीचा हक्क गाडीबरोबर येतो.

फक्त निरोप तुमच्यापर्यंत पोचत नाही, ही खरी अडचण आहे. सीमाभागात ती दुप्पट होते, कारण इथे बऱ्याच गाड्या सही केलेल्या टीटी फॉर्मवरच (मालकी बदलाच्या अर्जावरच) वर्षानुवर्षं फिरतात. विकणाऱ्याने फॉर्मवर सही करून दिली, पैसे घेतले, विषय संपला. घेणारा म्हणतो, बघू पुढे नावावर करू. मधल्या काळात कंपनीचा मेसेज गडहिंग्लजच्या जुन्या मालकाला येतो, तो म्हणतो 'गाडी तर विकली' आणि पुसून टाकतो. त्यात त्याची काही चूक नाही. अशा गाडीचा स्टिअरिंगचा सुटा भाग बदलायचा राहून गेला तर झळ बसणार ती तुमच्या घरच्यांना.

म्हणून दोन कामं करा. गाडी कायद्याने नावावर करून घ्या. दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर मूळ आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणून कर्नाटकात नव्याने नोंदणी करावी लागते, ते टाळू नका. आणि त्याची वाट न पाहता आजच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून 'ही गाडी आता माझ्याकडे आहे' असं सांगून तुमचा मोबाइल नंबर नोंदवा. आरटीओत नाव बदललं म्हणजे कंपनीकडे आपोआप बदलतं असं समजू नका. त्या दोन वेगळ्या नोंदी आहेत.

शोरूम कोल्हापूरचं. बेळगावात काम करून देतील का?

करून द्यायला हवं. त्या कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये रिकॉलचं काम होतं. 'जिथे घेतली तिथे जा' असं कुणी म्हणालं तर काउंटरवर वाद घालू नका, तिथूनच कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावा. मात्र आधी फोन करून भाग आलाय का ते विचारूनच निघा. निपाणीकडच्या लोकांना कोल्हापूर जवळ, खानापूरच्या लोकांना बेळगाव. जिथे भाग आधी मिळेल तिथे जा.

पेपरात माझ्या मॉडेलचं नाव आलं. म्हणजे माझी गाडी खराब?

तसं नाही. रिकॉल नेहमी बनावटीच्या तारखांना बांधलेला असतो. मार्च २०२४ मध्ये मारुतीने इंधन पंपाच्या मोटरसाठी ११,८५१ बलेनो आणि ४,१९० वॅगनआर बोलावल्या. त्या फक्त ३० जुलै ते १ नोव्हेंबर २०१९ या काळात बनलेल्या होत्या. शेजाऱ्याची त्याच रंगाची बलेनो यादीत असेल आणि तुमची नसेल, किंवा उलटही.

आणि लक्षात घ्या, बनावटीची तारीख म्हणजे तुम्ही गाडी घेतली ती तारीख नव्हे. दसऱ्याला किंवा पाडव्याला घेतलेली गाडी त्याआधी काही महिने बनलेली असू शकते. आरसीवर बनावटीचा महिना आणि वर्ष असतं, ते बघा.

गाडी झकास चालते. मग कशाला जायचं?

दोष नेहमी आवाज करून येत नाही. इंधन पंपाचंच घ्या. पंप व्यवस्थित असतो तोवर काहीच जाणवत नाही. तो बंद पडला की चालत्या गाडीचं इंजिन थांबतं. सपाटीला टिळकवाडीत ते झालं तर गाडी कडेला घ्याल. पण चोर्ला घाटात, पावसात, मागे भरलेला ट्रक असताना झालं तर? इंजिन थांबलं की स्टिअरिंग एकदम जड होतं. ब्रेकला इंजिनची मिळणारी मदतही एक-दोनदा दाबेपर्यंतच टिकते, नंतर पेडल दगडासारखं घट्ट लागतं. गाडी त्या स्थितीतही थांबवता येते, पण सवय नसलेल्या माणसाला ते सुचत नाही.

जुलै २०२३ मध्ये ८७,५९९ एस-प्रेसो आणि ईको गाड्या स्टिअरिंगच्या टाय रॉडसाठी बोलावल्या गेल्या. त्या ५ जुलै २०२१ ते १५ फेब्रुवारी २०२३ मध्ये बनलेल्या होत्या. दोष असलेला तो भाग तुटला तर गाडी वळवण्यावर परिणाम होऊ शकतो. आपल्याकडे ईकोत किती माणसं बसतात ते मी सांगायला नको. शाळेची मुलं, लग्नाचं वऱ्हाड, सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला निघालेलं अख्खं घर. तुमची ईको या तारखांतली असेल आणि तपासली नसेल तर या आठवड्यात तपासा. हे मी कळकळीने सांगतो.

काम होईपर्यंत गाडी चालवावी का?

प्रत्येक रिकॉलची सूचना वेगळी असते आणि ती अक्षरशः पाळायची असते. जानेवारी २०२३ मध्ये मारुतीने १७,३६२ गाड्या एअरबॅगच्या कंट्रोलरसाठी बोलावल्या. अपघातात एअरबॅग न उघडण्याची शक्यता होती, म्हणून भाग बदलेपर्यंत गाडी वापरू नका असंच सांगितलं होतं. उलट सप्टेंबर २०२१ मध्ये सियाझ, अर्टिगा, व्हिटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ अशा १,८१,७५४ पेट्रोल गाड्यांच्या रिकॉलमध्ये सूचना होती ती साचलेल्या पाण्यात गाडी न घालण्याची आणि विजेच्या भागांवर थेट पाण्याचा मारा न करण्याची.

खानापूर तालुक्यातल्या माणसाला ही दुसरी सूचना जास्त बोचते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे रस्त्यावर पाणी आणि चिखल, आणि गाडी घाण झाली की सर्व्हिसिंगवाला बॉनेट उघडून प्रेशरने धुऊन देतो. अशी सूचना असेल तर धुणाऱ्या पोराला आधीच सांगा, बॉनेट उघडायचं नाही.

पैसे लागतात का? वॉरंटी संपली असेल तर?

रिकॉलच्या भागाचे आणि त्याच्या मजुरीचे पैसे लागत नाहीत. वॉरंटीचा संबंध नाही, सर्व्हिसिंग बाहेर मेस्त्रीकडे केलं असलं तरी फरक पडत नाही. मात्र त्याच फेरीत ब्रेक पॅड, ऑइल, वायपर बदलायचे सुचवले जातील, त्यांचे पैसे तुमचेच. जॉब कार्डावर सही करण्याआधी रिकॉलचं काम वेगळं लिहून घ्या.

गाडी दहा वर्षांची झाली. आता काय उपयोग?

सरकारने सक्ती करायच्या रिकॉलसाठी गाडी बनून सात वर्षांपेक्षा कमी काळ झालेला असावा लागतो. पण कंपन्या स्वतःहून जुन्या गाड्याही बोलावतात. होंडाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ९०,४६८ गाड्या इंधन पंपासाठी बोलावल्या, त्यात बहुतेक २०१७-१८ सालच्या होत्या. त्यातल्या २,२०४ गाड्यांत तो पंप नंतर सुटा भाग म्हणून बसवलेला होता. म्हणजे गाडी चांगली, पण नंतर बदललेला भाग सदोष. पार्टची बिलं जपून ठेवायची ती याचसाठी.

जुन्या गाड्यांत सगळ्यात गंभीर विषय ताकाता कंपनीच्या एअरबॅगचा आहे. त्यातला गॅस तयार करणारा पदार्थ उष्णता आणि दमटपणाने वर्षानुवर्षं बिघडत जातो. मग एअरबॅग उघडताना धातूचं डबं फुटून तुकडे माणसाच्या अंगावर येऊ शकतात. जगभरात यात माणसं दगावली आहेत, आणि भारतातही होंडा, टोयोटा अशा कंपन्यांनी यासाठी गाड्या बोलावल्या. गोवा-कोकण किनाऱ्यावर वर्षानुवर्षं राहिलेली जुनी गाडी तुम्ही घेतली असेल तर हे न चुकता विचारा. आणि भंगारातली एअरबॅग कधीही बसवून घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी.

मोटरसायकल, स्कूटरलाही रिकॉल असतो?

असतो. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने क्लासिक, बुलेट आणि मीटिअर मिळून २,३६,९६६ गाड्या इग्निशन कॉइलसाठी बोलावल्या, भारतासह सात देशांत. २०२२ मध्ये आगीच्या घटनांनंतर ओला, ओकिनावा आणि प्युअर ईव्ही यांनी इलेक्ट्रिक स्कूटर तपासायला परत मागवल्या.

कमी वेगाच्या इलेक्ट्रिक स्कूटरला नोंदणी लागत नाही, म्हणून आरसी नसते. तिचा नंबर फ्रेमवर आणि खरेदीच्या बिलावर बघा. विकणाऱ्याचं दुकान बंद झालं असेल तर थेट कंपनीला लिहा.

पिवळ्या पाटीची गाडी आहे, ड्रायव्हर वेगळा, मालक वेगळा.

बेळगावहून गोव्याला भाजी आणि दूध नेणाऱ्या टेम्पोंचं हेच होतं. मेसेज मालकाच्या फोनवर, गाडी ड्रायव्हरच्या हातात, आणि एक दिवस गाडी थांबली तर धंदा बुडतो म्हणून काम पुढे ढकललं जातं. मालकांनो, ड्रायव्हर रोज रात्री घाट उतरतो. त्याला आलेला मेसेज दाखवा आणि सुट्टीचा दिवस बघून काम उरकून घ्या.

मेसेज इंग्रजीत, काउंटरवर कन्नड. नीट समजत नाही.

बेळगावातल्या वर्कशॉपमध्ये बहुतेक ठिकाणी मराठी समजणारं कुणीतरी असतं, संकोच न करता मागा. चिकोडी-अथणीकडे अडलं तर कागदावर चेसिस नंबर आणि 'रिकॉल' हा शब्द लिहून द्या, तेवढ्याने काम होतं. सही करण्याआधी जॉब कार्डाचा फोटो काढून घरच्या शिकलेल्या पोराला पाठवा.

रिकॉलसाठी फोन आला, लिंक पाठवली, थोडे पैसे मागितले. खरं की खोटं?

पैसे मागितले की खोटं. ओटीपी मागितला की खोटं. व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवली तर उघडूच नका, आरटीओच्या नावाने अशा फाइली पाठवून लोकांची खाती रिकामी केली जातात. फोन ठेवा आणि कंपनीच्या साइटवरचा किंवा सर्व्हिस पुस्तिकेवरचा क्रमांक स्वतः लावून विचारा. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करा.

मुलगा अमेरिकेत असतो, त्याने तिकडची सरकारी लिंक पाठवली. तिथे 'रिकॉल नाही' असं आलं.

ती तिकडे विकलेल्या गाड्यांसाठी आहे. नाव सारखं असलं तरी इथली गाडी इथल्या कारखान्यात, इथल्या सुट्या भागांनी बनते. त्या उत्तरावर विसंबू नका.

दोष उघड आहे, पण कंपनी रिकॉल जाहीर करत नाही. कुठे जायचं?

आधी वर्कशॉपला तोंडी न सांगता लेखी द्या, ईमेल उत्तम. तारीख, किलोमीटर, काय झालं, व्हिडिओ असेल तर तोही. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या वाहन पोर्टलवर दोषाची तक्रार नोंदवता येते. ठरलेल्या प्रमाणात मालकांनी एकाच दोषाची तक्रार केली की सरकार चौकशी लावू शकतं. एकट्याची तक्रार त्या मोजणीत धरली जाते, म्हणून 'माझ्या एकट्याने काय होणार' म्हणून सोडू नका. त्याच मॉडेलचे गावातले दोघे-चौघे असतील तर प्रत्येकाने वेगवेगळी नोंदवा.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. नुकसानभरपाई हवी असेल तर जिल्हा ग्राहक आयोगात दावा करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तो दाखल होतो, त्यामुळे गाडी पुण्याला घेतली असली तरी बेळगावातच करता येईल. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. तेवढ्यात कागद जमवा.

काम झाल्यावर काय घ्यायचं?

शून्य रकमेचं का होईना, बिल घ्या. त्यावर चेसिस नंबर, कुठलं रिकॉलचं काम केलं ते, तारीख आणि किलोमीटर असावेत. 'सिस्टिममध्ये नोंद आहे, कागद कशाला' असं म्हणाले तरी घ्या. हा कागद आरसीच्या झेरॉक्सबरोबर ठेवा. उद्या गाडी विकताना घेणाऱ्याला दाखवता येईल. तुम्ही जुनी गाडी घेत असाल तर इसार देण्याआधी चेसिस नंबर मागून तपासणी करा. विकणारा तो द्यायला का कू करत असेल तर तिथेच थांबा. काम बाकी निघालं तर व्यवहार मोडायची गरज नाही, विकणाऱ्यालाच ते करून द्यायला सांगा, कारण ते फुकटच होतं.

एकदा तपासलं की झालं?

नाही, नवे रिकॉल वर्षभर निघत असतात. वर्षातून दोनदा बघा. एकदा मृगाच्या आधी, कारण आपल्याकडे पावसाळ्यात घाटात गाडी बंद पडणं सगळ्यात वाईट. दुसऱ्यांदा विमा नूतनीकरणाला, तेव्हा आरसी हातात असतेच.